सोळा हजार मेगावॅटचा न दिसणारा संच

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग,
मुंबई.



आयोगापुढे येणारी बहुतेक निवेदने वीजदराची असतात. हे पत्र ज्या आकड्याविषयी आहे, तो ग्राहकाच्या बिलावर कधी छापला जात नाही. तो आकडा म्हणजे ५० हर्ट्झ, आपल्या विजेची वारंवारता. आम्ही कामावरची माणसे तिला फ्रिक्वेन्सीच म्हणत आलो, इथेही तसेच म्हणेन. मी निवृत्त विद्युत अभियंता आहे आणि कुठल्याही कंपनीची वा पुरवठादाराची बाजू घेऊन लिहीत नाही.

माझे म्हणणे असे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधून राज्यात १६,००० मेगावॅट सौरक्षमता उभी करायचे ठरले आहे. ती गावोगावच्या उपकेंद्रांच्या आसपास, थोड्या थोड्या मेगावॅटच्या तुकड्यांत उभी राहते आहे. योजना चांगली आहे. शेतकऱ्याला रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या वाटेने मोटार चालू करायला जावे लागू नये, एवढ्या एका कारणासाठीही मला ती मान्य आहे. पण नियमांच्या पुस्तकात यातला बहुतेक प्रत्येक प्रकल्प इतका लहान ठरतो, की फ्रिक्वेन्सी सांभाळायच्या कामात त्याच्याकडून कुणी काही अपेक्षाच ठेवत नाही. राज्यातले सर्वांत मोठे औष्णिक संच, कोराडीचे किंवा तिरोड्याचे, ६६० मेगावॅटचे आहेत. त्यांतला एक ट्रिप झाला की भार प्रेषण केंद्रात फोन खणखणू लागतात. हे सोळा हजार मेगावॅट मात्र सारख्याच नियमाने मर्यादा बसवलेल्या इन्व्हर्टरांमधून जाळ्यात येणार. गडबड झाली तर ते सगळे एका क्षणी एकच निर्णय घेतील. असा समूह जाळ्याच्या लेखी एकच संच असतो. आयोगाने त्याला एकच संच मानून नियम करावेत, ही विनंती.

पुढची काही वाक्ये आपल्याला नवीन नाहीत. पत्र खुले आहे, म्हणून इतर वाचकांसाठी ती लिहितो.

वीज साठवून न ठेवता वापरायची, तर ज्या क्षणी जेवढी मागणी, त्या क्षणी तेवढीच निर्मिती हवी. मागणी वाढली आणि टर्बाइनला जाणारी वाफ किंवा पाणी तेवढेच राहिले, तर जास्तीची ऊर्जा येते कुठून? फिरत्या जनित्रांच्या वेगातून. औष्णिक संचाचा शेकडो टनांचा फिरता भाग मिनिटाला ३,००० फेरे घेत असतो. जड जात्याचा खुंटा सोडला तरी वरचा दगड आपल्या वजनाने थोडा वेळ फिरत राहतो, तसा हा भाग तूट भरून काढतो आणि त्या बदल्यात किंचित मंदावतो. त्या मंदावण्यालाच आपण फ्रिक्वेन्सी घसरली असे म्हणतो. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत जोडलेली सगळी जनित्रे एकाच ठेक्यात फिरतात, त्यामुळे कोईमतूरला वाढलेला भार परळीच्या संचालाही त्याच क्षणी जाणवतो.

हा ठेका देशभर एक व्हायला बरीच वर्षे लागली. त्यातला शेवटचा टाका महाराष्ट्रात घातला गेला. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी एका ठेक्यात आले. त्याआधी दक्षिण आणि पश्चिम यांची देवाणघेवाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या एचव्हीडीसी केंद्रातून चाले. तिथे वीज आधी एकदिश करून मग पुन्हा प्रत्यावर्ती करत, त्यामुळे दोन्ही बाजूंची फ्रिक्वेन्सी वेगवेगळी असली तरी चालत असे. वेगवेगळी म्हणजे किती? शतक बदलले त्या सुमाराला देशातल्या वेगवेगळ्या विभागांत ती ४८ ते ५२ हर्ट्झ एवढ्या पट्ट्यात भटकत असे. आज नियमाने आखलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ इतका अरुंद आहे. माझ्या पिढीच्या अभियंत्यांना हा आकडा अजूनही थोडा अविश्वसनीय वाटतो.

ही शिस्त आली ती आधी पैशाच्या वाटेने. १ जुलै २००२ रोजी पश्चिम विभागात, म्हणजे आपल्याकडेच, देशात सर्वप्रथम उपलब्धताआधारित दरपद्धत लागू झाली. भानू भूषण हे तिचे शिल्पकार. त्यांची युक्ती अशी की, ठरल्याहून जास्त वीज उचलणाऱ्या राज्याने दंड भरायचा आणि त्या दंडाचा दर त्या पंधरा मिनिटांतल्या फ्रिक्वेन्सीवर ठरायचा. सुरुवातीला ५०.५ हर्ट्झला दर शून्य होता. तिथून तो चढत चढत ४९ च्या आसपास युनिटला ४ रुपये २० पैसे होई. कोणत्या राज्यात किती मागणी आहे, कुणाचा संच बंद आहे, यातले काहीही दिल्लीत बसून जाणून घेण्याची गरज नव्हती. जो तो भिंतीवरचा फ्रिक्वेन्सीचा आकडा पाही आणि आपल्या खिशाचा विचार करून वागे. नियंत्रणशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला त्या पद्धतीचे फार अप्रूप आहे. तिला जाळ्याचे गणित तंतोतंत ठाऊक असण्याची गरजच नव्हती, म्हणूनच ती टिकली.

तिच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या. दंड परवडतो म्हटल्यावर काही राज्ये जाळ्यातून वीज ओढतच राहिली. २०१२ च्या ३० आणि ३१ जुलैला लागोपाठ जे घडले, त्याच्या कारणांत हेही होते. दोन्ही दिवशी सुरुवात बीना–ग्वाल्हेर या ४०० केव्हीच्या वाहिनीपासून झाली. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तिन्ही विभाग अंधारात गेले, सुमारे ४८,००० मेगावॅट भार गेला. पश्चिम विभाग वाचला. चौकशी समितीने नोंदवलेली एक गोष्ट इथे पुन्हा काढतो, कारण पुढे तिची गरज पडणार आहे: फ्रिक्वेन्सी घसरल्यावर आपोआप भार तोडणारे रिले कागदावर पुरेसे होते, प्रत्यक्षात त्यांच्याकडून पुरेसा दिलासा मिळाला नाही.

पैसा पंधरा मिनिटांच्या ठोक्यावर चालतो, संच एका क्षणात पडतो. म्हणून खऱ्या संरक्षणाचे तीन थर असतात. पहिला गव्हर्नरचा. फ्रिक्वेन्सी ५० पासून ०.०३ हर्ट्झहून जास्त सरकली की संचाने कुणाला न विचारता आपली निर्मिती कमी-जास्त करायची आणि पूर्ण प्रतिसाद ४५ सेकंदांत द्यायचा. २०२३ च्या भारतीय वीजजाळे संहितेने देशासाठी ४,५०० मेगावॅट अचानक जाण्याची घटना गृहीत धरून या थराचा हिशेब मांडला आहे. दुसरा थर स्वयंचलित निर्मिती नियंत्रणाचा. २०१८ च्या जानेवारीत दादरीच्या एनटीपीसी केंद्रात त्याचा पहिला प्रयोग झाला. आज दिल्लीतल्या राष्ट्रीय भार प्रेषण केंद्रातला संगणक दर चार सेकंदांनी देशभरच्या केंद्रांना किती वाढवा, किती घटवा हे कळवतो. तिसरा थर माणसांचा, फोन करून संच चालू-बंद करण्याचा.

आता इन्व्हर्टरकडे वळतो. सौर पॅनेलमध्ये काहीच फिरत नाही, त्यामुळे जाळ्याला द्यायला त्याच्याकडे जडत्व नाही. हिशेबापुरते आकडे घेऊ. देशाची मागणी २,००,००० मेगावॅट आहे, ती पुरवायला फिरते संच आहेत आणि त्यांच्यात ८,००,००० मेगावॅट-सेकंद गतिज ऊर्जा साठलेली आहे. १,००० मेगावॅट अचानक गेले, तर फ्रिक्वेन्सी सेकंदाला ०.०३ हर्ट्झ या वेगाने घसरू लागेल. गव्हर्नरना भरपूर सवड मिळते. दुपारी निम्मे संच बंद करून सूर्यावर काम भागवले, तर हाच वेग दुप्पट होतो. तरीही देशाचे जाळे एवढे अवाढव्य आहे की तो झेपेल. धोका आहे तो जाळे तुटल्यावर. समजा, एखादे शहर बाकीच्या जाळ्यापासून सुटून एकटे पडले, त्याच्या संचांत ६,००० मेगावॅट-सेकंद ऊर्जा आहे आणि तूट तेवढीच, १,००० मेगावॅट. आता घसरणीचा वेग सेकंदाला चार हर्ट्झहून अधिक. भार तोडणाऱ्या रिलेंच्या हातात अर्धा सेकंदही उरत नाही.

मुंबईकरांना हे उदाहरण परके नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमाराला, कळवा-पडघे-खारघर परिसरातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या एकामागून एक निकामी होत गेल्या आणि मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी शहराने बेटासारखे स्वतंत्र होऊन आपल्याच संचांवर तग धरावा, अशी व्यवस्था १९८१ पासून होती. त्या दिवशी ते बेट टिकले नाही. त्यानंतरच्या चर्चा सायबर हल्ला की मानवी चूक, यात अडकल्या. बेटाच्या आत किती निर्मिती चालू होती, किती भार होता आणि फ्रिक्वेन्सी किती वेगाने पडली, ही खरी शिकण्यासारखी बाजू वर्तमानपत्रांतून जवळजवळ गायब होती.

आता सोळा हजार मेगावॅटच्या मुद्द्याला हात घालतो. यात जर्मनीचा अनुभव मोलाचा आहे. २००० नंतरच्या दशकात तिथे छपराछपरांवर सौर पॅनेल बसू लागली, तेव्हा नियम होता की फ्रिक्वेन्सी ५०.२ हर्ट्झला पोचली की इन्व्हर्टरने ताबडतोब जाळ्यातून बाहेर पडायचे. एका छपराच्या दृष्टीने नियम अगदी योग्य. पण बघता बघता लाखो छपरे झाली आणि कुणाच्या तरी लक्षात आले की, एखाद्या उन्हाळी दुपारी फ्रिक्वेन्सी ५०.२ ला शिवली तर हजारो मेगावॅट एकदम जातील. साऱ्या युरोपच्या जाळ्याने एका वेळी ३,००० मेगावॅट गेले तर सांभाळायची तयारी ठेवलेली असते. इथे गणित त्याच्या कितीतरी पुढे जात होते. २०१२ मध्ये खास नियम करावा लागला आणि तीन लाखांहून अधिक प्रकल्पांच्या इन्व्हर्टरांत एकेक करून बदल करत बसावे लागले. काम पार पडले, पण खर्च करून आणि वर्षे घालवून. बसवतानाच मर्यादा नीट ठरवल्या असत्या, तर हा सारा खटाटोप टळला असता.

आपल्याकडे काय आहे? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने विखुरलेल्या निर्मितीसाठी २०१३ साली जी मानके आखली, त्यांत ५०.५ हर्ट्झला पोचताच ०.२ सेकंदांत सुटण्याची तरतूद होती. खाली ती मर्यादा ४७.५. आकडा वेगळा असला तरी रचना जर्मनीसारखीच: सगळ्यांसाठी एक उंबरठा, सगळ्यांची एकदम उडी. पुढे २०१९ च्या मानकांनी ३३ केव्ही आणि त्यावरच्या, १० मेगावॅटहून मोठ्या सौर आणि पवन प्रकल्पांना शहाणे केले. त्यांनी गव्हर्नरसारखे हळूहळू कमी-जास्त व्हायचे आणि फ्रिक्वेन्सी ०.३ हर्ट्झहून जास्त सरकली तर सेकंदाच्या आत आपल्या क्षमतेच्या किमान १० टक्के प्रतिसाद द्यायचा. हा नियम उत्तम आहे. पण कृषी वाहिनीचे बहुतेक प्रकल्प त्या १० मेगावॅटच्या उंबरठ्याच्या अलीकडे राहतात. एक राजस्थानी सौर उद्यान जे करते, ते आपले शेकडो लहान प्रकल्प मिळून करणार नसतील, तर आपण फक्त तुकडे पाडून जबाबदारी पातळ केली, असे होईल.

ही दुरुस्ती जवळजवळ फुकट आहे, हे मुद्दाम सांगतो. फ्रिक्वेन्सी वाढली तर निर्मिती टप्प्याटप्प्याने कमी करणे आजच्या कुठल्याही बऱ्या इन्व्हर्टरला जमते. फक्त मर्यादा तशी बसवून द्यावी लागते. फ्रिक्वेन्सी घसरल्यावर निर्मिती वाढवायची, तर आधी थोडी हातची राखून चालावे लागते आणि त्याला पैसे पडतात. तो वाद नंतर घालू. फुकटातली गोष्ट आधी पदरात पाडून घ्यावी. प्रकल्प सुरू करण्याच्या दाखल्यासोबत इन्व्हर्टरच्या मर्यादांचा तपासलेला तक्ता जोडणे बंधनकारक करावे आणि आतापर्यंत सुरू झालेल्या प्रकल्पांचेही तक्ते मागवावेत.

याहून मला जास्त काळजी आहे ती भार तोडणाऱ्या रिलेंची. फ्रिक्वेन्सी ४९.४ हर्ट्झला आली की पहिला टप्पा, मग ४९.२, ४९.०, ४८.८. प्रत्येक टप्प्याला ठरलेले फीडर आपोआप बंद पडतात आणि मागणी कमी होते. या योजनेची आखणी झाली तेव्हा फीडर म्हणजे मागणी, हे समीकरण पक्के होते. भर दुपारी ज्या उपकेंद्रातून सौरवीज उलटी वर पारेषणाच्या जाळ्यात जाते आहे, तिथला रिले चालला तर काय होईल? तो मागणी तोडतो आहे असे समजून निर्मितीच तोडेल. पडणाऱ्या फ्रिक्वेन्सीला आपणच आणखी एक धक्का देऊ. त्यामुळे पुढचा टप्पा चालेल, कदाचित तोही अशाच फीडरवर.

ही भीती कल्पनेतली नाही. ९ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रिटनमध्ये विजा कोसळल्यानंतर हॉर्नसीचा समुद्रातला पवनप्रकल्प आणि लिटल बारफोर्डचे वायूवर चालणारे केंद्र यांची निर्मिती पाठोपाठ गेली. वितरण जाळ्यातली काही लहान निर्मितीही आपल्या रिलेंमुळे सुटली. फ्रिक्वेन्सी ४८.८ ला आली आणि अकरा लाख ग्राहकांचा पुरवठा तुटला. चौकशीत जे निघाले त्यात हेही होते की, तोडलेल्या फीडरांमधून पारेषण जाळ्याला मिळालेला दिलासा अपेक्षेहून बराच कमी होता, कारण मागणीबरोबर त्याच फीडरांवरची लहान निर्मितीही गेली. जाळे सावरले, लोक घरी उशिरा पोचले, एवढ्यावर निभावले. २०१२ च्या आपल्या समितीचे निरीक्षण इथे आठवावे. कागदावरचा दिलासा आणि प्रत्यक्षातला दिलासा यांच्यातली ही दरी आपल्याकडे आधीपासून आहेच, सौरवीज ती आणखी रुंद करील.

उपाय अवघड नाही. रिलेने फ्रिक्वेन्सीबरोबर विजेची दिशाही पाहायची. फीडर वीज घेत असेल तरच तोडायचा, देत असेल तर सोडून पुढच्याकडे जायचे. आणि कुठल्या टप्प्यात कुठले फीडर, ही यादी वर्षातून एकदा न करता रात्रीची वेगळी आणि दुपारची वेगळी करायची. महावितरण, महापारेषण आणि मुंबईतल्या वितरण कंपन्या यांच्या मधोमध हा प्रश्न पडून राहतो, कारण तो कुणा एकाचा नाही. तो आयोगानेच उचलावा लागेल.

इथे नियंत्रणशास्त्राचा थोडा आधार घेतो, कारण माझ्या मागणीमागचे तत्त्व तिथले आहे. एखादा नियंत्रक आपण जाळ्याच्या गणिती प्रतिमेवरून बेततो. जडत्व अमुक, भाराचा प्रतिसाद तमुक, संदेश पोचायला इतके सेकंद. त्या आकड्यांवर तो अप्रतिम चालतो. पण रात्री आठचे जडत्व दुपारी एकला नसते, संदेश कधी चार सेकंदांत पोचतो कधी उशिरा, आणि एखादी वाहिनी दुरुस्तीला बंद असते. जो नियंत्रक एका प्रतिमेवर सर्वोत्तम, तोच दुसऱ्या परिस्थितीत फ्रिक्वेन्सीला झोके द्यायला लागू शकतो. घाईने चुका सुधारणारा नियंत्रक हलक्या जाळ्यात स्वतःच चूक होऊन बसतो. १९८० च्या दशकात जगभरच्या संशोधकांनी यावर वेगळी वाट काढली: प्रतिमा चुकीची असणार हे धरूनच चालायचे, चुकीची कमाल मर्यादा ठरवायची आणि त्या मर्यादेत कुठेही कोसळणार नाही असा नियंत्रक शोधायचा. १९८९ च्या ज्या प्रसिद्ध निबंधाने हे काम व्यवहारात आणण्याजोगे केले, त्याच्या चार लेखकांत पवईच्या आयआयटीतून १९७७ साली पदवी घेतलेले प्रमोद खरगोणेकर आहेत. त्यानंतर वीजजाळ्यांच्या फ्रिक्वेन्सीसाठी हे गणित वापरणारे संशोधन भरपूर झाले. आयोगाने समीकरणे सोडवावीत असे मी म्हणत नाही. त्यातला दृष्टिकोन नियमांत आणावा. आपले नियम सरासरी दिवसावर बेतलेले असतात, ते सर्वांत वाईट दुपारवर तपासून घ्यावेत.

५ एप्रिल २०२० ची रात्र यासंदर्भात नेहमी अभिमानाने सांगितली जाते. नऊ वाजता नऊ मिनिटांसाठी देशाने दिवे मालवले. मागणी ३१,०८९ मेगावॅटने उतरली, म्हणजे अंदाजाच्या कितीतरी पलीकडे. जलविद्युत संचांनी पंचवीसएक मिनिटांत आपली निर्मिती १७,५४३ मेगावॅटने खाली आणली आणि फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ या मर्यादेत राहिली. त्या रात्री काम केलेल्यांना माझा सलाम. पण ती परीक्षा आधी जाहीर झालेली होती. वेळ माहीत, कारण माहीत, जलसंच आधीपासून वर चढवून तयार ठेवलेले. आपल्याला तयारी करायची आहे ती न सांगता येणाऱ्या घटनेची. आणि ती रात्रीची वेळ होती. जलसंचांना खाली आणायला वाव होता, कारण ते चालू होते. भर उन्हाळ्याच्या दुपारी कोयनेचे किती संच फिरत असतात?

कोयनेचे नाव आले म्हणून थोडे विषयांतर करतो. १,९६० मेगावॅटची कोयना ही राज्याची फ्रिक्वेन्सीची खरी ढाल, पण तिला पाण्याची मर्यादा आहे. कृष्णा तंटा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायचे पाणी वर्षाला ६७.५ टीएमसीला बांधून दिले आहे. म्हणून कोयनेचा प्रत्येक फेरा मोजून वापरावा लागतो. घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे, जो रात्रीऐवजी दुपारच्या सौरविजेवर पाणी वर चढवू लागला तर त्याचे मोल आणखी वाढेल. नव्या उदंचन प्रकल्पांचे करार गाजावाजा करून होत आहेत, पण ते उभे राहायला वर्षे लागतात. बॅटरी मात्र सेकंदाच्या आत प्रतिसाद देते आणि ती आजच विकत मिळते.

इथे अखेर दराचा मुद्दा येतोच. राखीव क्षमता म्हणजे न वापरलेली क्षमता. ती तयार ठेवल्याबद्दल पैसे द्यायचे म्हटले की सुनावणीत पहिला प्रश्न येतो: न मिळालेल्या विजेचे पैसे ग्राहकाने का द्यावेत? प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. माझे उत्तर असे. ते पैसे आपण आजही देतोच, फक्त कुठे देतो ते दिसत नाही. आपल्या वाट्याची राखीव क्षमता आपण ठेवली नाही, तर आपल्या चुका देशाच्या सामायिक राखीव क्षमतेतून भरून निघतात आणि तिचे बिल विचलन शुल्काच्या, म्हणजे ठरल्याहून कमी-जास्त वीज घेतल्याच्या आकारणीच्या, पोटात फिरून आपल्याकडे येते. २०२३ च्या संहितेने राज्यांच्या नियंत्रण क्षेत्रांनीही आपापली राखीव क्षमता ठेवावी अशी अपेक्षा धरली आहे. शेजाऱ्याच्या भरवशावर राहिल्याने काय होते, याचा एक मजेशीर पुरावा युरोपात आहे. २०१८ च्या सुरुवातीला सर्बिया आणि कोसोवो यांच्या भांडणात एका कोपऱ्यातली तूट कुणीच भरेना, त्यामुळे साऱ्या खंडाची फ्रिक्वेन्सी किंचित खाली राहिली आणि फ्रिक्वेन्सीवर चालणारी घड्याळे जवळजवळ सहा मिनिटे मागे पडली.

म्हणून राखीव क्षमतेची किंमत उघडपणे, वेगळ्या ओळीत दाखवावी. राज्यांतर्गत दुय्यम नियंत्रणासाठी बॅटरी, कोयना, घाटघर आणि औष्णिक संच यांच्यात स्पर्धा होऊ द्यावी. पैसे मेगावॅटचे द्यावेत तसेच वेगाचेही द्यावेत. दहा मिनिटांनी आलेले १०० मेगावॅट आणि एका सेकंदात आलेले १०० मेगावॅट यांना एकच भाव देऊ नये.

शेतीच्या फीडरांबद्दल एक लहानशी गोष्ट राहिली. थ्री फेजच्या पाळ्या बदलतात तेव्हा हजारो पंप एका ठोक्याला सुरू किंवा बंद होतात. तासाच्या ठोक्याला फ्रिक्वेन्सी उडी मारते, हे देशभरच्या नोंदींत वर्षानुवर्षे दिसते. पाळ्या दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने पसरून द्याव्यात. याला पैसा लागत नाही, फक्त वेळापत्रक नीट लिहावे लागते आणि ते पाळले जाते का, हे पाहावे लागते.

शेवटची मागणी चाचणीची. राज्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक दुपार मे महिन्यात नसते. तेव्हा मागणीच एवढी असते की फिरते संच भरपूर चालू असतात. ती येते दिवाळीत. कारखाने बंद, कचेऱ्या बंद, पाऊस नुकताच गेल्यामुळे बऱ्याच शेतांत ओल आणि आकाश स्वच्छ. मागणी तळाला, सूर्य जोरात. येत्या पाडव्याच्या दुपारी बारा ते तीन या वेळेतल्या प्रत्येक पंधरा मिनिटांसाठी चार गोष्टी राज्य भार प्रेषण केंद्राने नोंदवाव्यात: राज्यात फिरते संच किती चालू होते, त्यांचे अंदाजे जडत्व किती होते, कृषी वाहिन्यांची सौरनिर्मिती किती होती, आणि त्या घडीला फ्रिक्वेन्सी ४९.४ ला आली असती तर पहिल्या टप्प्याच्या रिलेंनी खरोखर किती मागणी तोडली असती. चौथा आकडा ऋण आला तरी तो तसाच छापावा. महिन्याभरात तक्ता आयोगाच्या संकेतस्थळावर, मराठीत, लावावा आणि त्यावर सुनावणी ठेवावी. सुनावणीला मी स्वखर्चाने येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त विद्युत अभियंता